बोनेटवरचं नाव आणि डोक्यावरचा हप्ता

पोस्ट मोठी आहे. ज्यांच्या घरात एखादी तरी मालवाहू गाडी आहे, किंवा ज्यांनी भावकीतल्या कुणाच्या गाडीच्या कर्जाला जामीनदार म्हणून सही केली आहे, त्यांनी शेवटपर्यंत वाचा. बाकीच्यांनी सवडीने.

परवा चाकण-तळेगाव रस्त्याला चहाला थांबलो होतो. ओळखीतला एक पोरगा भेटला. दोन टिपर आहेत त्याचे, क्रशरची खडी मारतो. म्हणाला, "दादा, आता इलेक्ट्रिक ट्रक घ्यायचा विचार आहे. सबसिडी आहे, डिझेलची कटकट नाही. ट्रकमध्ये कंपनी नवीन आहे, पण नाव लई मोठं आहे. घेऊ का?"

मी एकच विचारलं. "उद्या कंपनीने ट्रक बनवायचंच बंद केलं तर?"

पोरगा हसला. "एवढी मोठी कंपनी कशाला बंद करेल?"

त्या हसण्यावर ही पोस्ट आहे.

मोठी कंपनी म्हणजे किती मोठी? चला, बांधकामाची मशीन बनवणाऱ्या जगातल्या सगळ्यात मोठ्या कंपनीचंच उदाहरण घेऊ. कॅटरपिलर. पिवळी मशीन, काळ्या अक्षरात कॅट. १९२५ साली अमेरिकेत दोन ट्रॅक्टर कंपन्या एक होऊन ही कंपनी झाली. खाणीत चालणारा त्यांचा ७९७ नंबरचा डंपर एका खेपेत ३६३ टन माल उचलतो. आपला दहा टायरी टिपर त्याच्या चाकाशेजारी उभा केला तर खेळण्यातला वाटेल. आपल्याकडंही त्यांचं काम आहे. संभाजीनगरच्या शेंद्रा एमआयडीसीत इंजिनं बनवणारी पर्किन्स ही कॅटरपिलरचीच कंपनी.

आणि गंमत बघा. कॅटचा पिवळा रंग १९३१ मध्ये आला. त्याआधी मशीन करड्या रंगाची असायची. त्या पिवळ्याला नाव काय दिलं होतं? हायवे यलो. रस्त्याच्या कामावर मशीन लांबून दिसावं म्हणून. म्हणजे ज्या कंपनीच्या रंगाचं नावच हायवेवरून पडलं, त्या कंपनीने हायवेवर चालणारा स्वतःचा ट्रक आणला आणि पाच वर्षांत गुंडाळला.

आता ही गोष्ट नीट सांगतो, कारण तिचा एक धागा थेट आपल्या चाकणपर्यंत येतो.

आपल्याकडं ज्या कंपनीचा ट्रक, त्याच कंपनीचं इंजिन, असं साधारण असतं. अमेरिकेत तसं नव्हतं. तिकडं गिऱ्हाईक ट्रक एका कंपनीचा घ्यायचं आणि इंजिन कुणाचं बसवायचं ते स्वतः सांगायचं. पीटरबिल्ट, केनवर्थ, फ्रेटलायनर अशा मोठ्या ट्रकांमध्ये कॅटचं पिवळं इंजिन घेणारा मोठा वर्ग होता. ३४०६ आणि पुढं सी-१५ या इंजिनांची तिकडच्या ड्रायव्हर लोकांत तशीच पत होती, जशी आपल्याकडं जुन्या टाटाच्या इंजिनाची. मिस्त्री ओळखीचा, पार्ट ओळखीचा.

मग धुराचे नियम कडक होत गेले. १९९८ मध्ये तिकडच्या सरकारने इंजिन कंपन्यांना धरलं. आरोप असा की चाचणीत इंजिन नियमात बसतं, पण हायवेवर लांब पल्ल्याला लागलं की आतला प्रोग्रॅम बदलतो, डिझेल वाचतं आणि विषारी वायू जास्त सुटतो. सात कंपन्यांबरोबर तडजोड झाली, मिळून ८ कोटी ३४ लाख डॉलर दंड. त्या सातांत कॅटरपिलर होती, कमिन्स होती, व्होल्व्हो होती, नॅव्हिस्टार होती. ही शेवटची लक्षात ठेवा.

२०१० चा नियम आणखी कडक होता. तो पाळायला बहुतेकांनी युरियावाली सिस्टीम घेतली. आज आपल्या बीएस-६ गाडीत युरियाची वेगळी टाकी असते ना, तीच. कॅटरपिलरने जून २००८ मध्ये जाहीर केलं की २०१० च्या नियमाची हायवे इंजिनं आम्ही बनवणार नाही. त्याच दमात दुसरी घोषणा केली. आम्ही नॅव्हिस्टारबरोबर कॅटच्या नावाचा ट्रकच आणू.

म्हणजे ज्यात हात बसलेला होता ते सोडलं आणि जे कधी केलं नव्हतं ते धरलं.

मार्च २०११ मध्ये लास वेगासच्या प्रदर्शनात सीटी-६६० ट्रक दाखवला. टिपर, मिक्सर, लोबेड अशा कामाचा दणकट ट्रक. दिसायला राजा. पण आत बघा. ट्रक बनवणार नॅव्हिस्टार, त्यांच्याच इंटरनॅशनल पेस्टार गाडीच्या पायावर. इंजिनही मुळात नॅव्हिस्टारचं, नाव फक्त कॅटच्या पद्धतीचं. बोनेट पिवळ्या नावाचं, पोट दुसऱ्याचं.

आणि नॅव्हिस्टारने नेमकं काय केलं होतं? बाकीचे सगळे युरियाकडं गेले, हे गडी म्हणाले आम्ही युरियाशिवाय नियम पाळून दाखवतो. नाही जमलं. जुलै २०१२ मध्ये कंपनीने मान टाकली आणि युरियाच्या रस्त्याला लागली, पुढच्याच महिन्यात वरचे साहेब पायउतार झाले, आणि त्या वर्षीचा तोटा ३०० कोटी डॉलरच्या घरात गेला.

इथं आपलं चाकण येतं. चाकणच्या महिंद्राच्या ट्रक प्लांटमध्ये नॅव्हिस्टार भागीदार होती. २००५ पासूनची भागीदारी, नॅव्हिस्टारचा वाटा ४९ टक्के. तिकडं घर जळायला लागल्यावर त्यांनी इथला वाटा विकला. डिसेंबर २०१२ मध्ये महिंद्राने तो विकत घ्यायचं जाहीर केलं. ट्रकवरचं जोडनाव गेलं. पण महिंद्राने प्लांटही ठेवला आणि ट्रकही. २०१६ मध्ये ब्लाझो आणला तेव्हा लेखी पैज लावली, जास्त मायलेज नाही मिळालं तर ट्रक परत द्या. मी काही त्यांचा एजंट नाही, त्यांच्या गाड्यांना शिव्या देणारे माझ्या यादीत भरपूर आहेत. मुद्दा एवढाच की भागीदार पळाला तरी गिऱ्हाइकाला धरून ठेवता येतं. मनात पाहिजे.

कॅटरपिलरचं काय झालं? जुलै २०१५ मध्ये त्यांनी जाहीर केलं, नॅव्हिस्टारशी काडीमोड, यापुढं आमचा ट्रक आम्हीच डिझाइन करणार आणि टेक्सासमधल्या व्हिक्टोरियाच्या आमच्याच कारखान्यात बनवणार. लोकांना बरं वाटलं. आता खरा कॅटचा ट्रक येणार.

सात महिन्यांनी, फेब्रुवारी २०१६ मध्ये, दुसरं पत्रक निघालं. ट्रकचा धंदा बंद. नवीन ऑर्डर घेणार नाही. कारण असं दिलं की बाजारात टिकायचं तर ट्रकांची पूर्ण मालिका काढावी लागेल, त्याला मोठा पैसा लागेल, आणि तेवढा धंदा समोर दिसत नाही. नोकऱ्या जाणार सत्तरच्या आसपास. रस्त्यावर असलेल्या गाड्यांना आम्ही सेवा देत राहू.

संपलं. तिकडच्या बातम्याही दोन दिवसांत संपल्या.

आता काही जण कमेंटमध्ये लिहिणारच, "अहो, धंदा आहे. परवडलं नाही, बंद केलं. यात पाप काय?" बरोबर आहे. बंद करणं पाप नाही, मीही तेच म्हणतो. तोट्यातला धंदा खांद्यावर घेऊन फिरायची सक्ती कुणावर नसावी. कॅटरपिलरचे तेव्हा दिवसही वाईट होते. २०१२ मध्ये कंपनीची उलाढाल ६,६०० कोटी डॉलरच्या जवळ होती, २०१५ ला ती ४,७०० कोटींवर आली होती. दहा हजार लोक कमी करायची भाषा चालू होती. त्यात सत्तर नोकऱ्यांचा ट्रक विभाग कोण वाचवणार? मी त्या खुर्चीत असतो तर मीही कदाचित हेच केलं असतं.

माझं भांडण वेगळं आहे. बंद करायची किंमत कोण भरतो, यावर आहे.

हिशेब मांडून बघा. कंपनीने तोटा वहीत लिहिला, शेअरवाल्यांना कारण सांगितलं, मोकळी झाली. कामगारांना काही ना काही भरपाई मिळते, निदान त्यांची संख्या तरी पत्रकात येते. डीलर दुसरी मशीन विकतो. पण ज्याने जुलै ते फेब्रुवारी या सात महिन्यांत, "आता कंपनी स्वतः बनवणार, म्हणजे पक्कं" या भरवशावर जुना सीटी ट्रक घेतला असेल, त्याची संख्या कुठल्या पत्रकात आहे? कुठल्याच नाही. तो कामगार नाही, भागधारक नाही. तो फक्त गिऱ्हाईक. त्याने पैसे दिले तिथं त्याचं काम संपलं.

"सेवा देत राहू" हे वाक्य खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण सेवा चालू राहिली तरी सेकंडचा भाव कंपनीच्या हातात नसतो. गाडीचं मॉडेल बंद झालं ही बातमी बाजारात पोचली की पुढचा घेणारा दहा वेळा विचार करतो.

आपल्या भाषेत सांगतो. आकडे समजण्यासाठी धरलेत, कुणाच्या गाडीचे नाहीत. समजा ४० लाखांची गाडी. ६ लाख खिशातले, ३४ लाख कर्ज, १० टक्के व्याज, पाच वर्षं. महिन्याचा हप्ता ७२ हजारांच्या आसपास. तीन वर्षं नियमित भरला तरी साडेपंधरा लाखांच्या वर बाकी असते. गाडी चांगली असेल आणि तिला बाजारात २०-२१ लाख येत असतील तर माणूस अडचणीत गाडी विकून कर्ज फेडून मोकळा होतो, चार पैसे हातात राहतात. पण मॉडेल बंद झालं आणि तीच गाडी लोक बारा लाखांना मागायला लागले तर? गाडी विकूनही साडेतीन लाख खिशातून भरायचे. नसतील तर गाडी ठेवायची. ठेवली तर पार्टसाठी आठ-आठ दिवस उभी. उभी गाडी भाडं आणत नाही, पण पाच तारखेला हप्ता मात्र न चुकता येतो.

या माणसाने चूक काय केली? धंदा वाईट केला? गाडी वाईट चालवली? नाही. मोठ्या नावावर विश्वास ठेवला.

"हे अमेरिकेचं झालं, इथं काय?" असं म्हणू नका. जर्मनीची मान कंपनी घ्या. २००६ मध्ये आपल्या आकुर्डीच्या फोर्सबरोबर भागीदारी केली, मध्य प्रदेशात पीथमपूरला कारखाना घातला, पुढं फोर्सचा सगळा वाटा घेऊन एकटे मालक झाले. खाणीवर, रस्त्याच्या कामावर त्यांचे टिपर चालले. २०१८ मध्ये जाहीर केलं, भारतातला धंदा बंद. कारखाना परत फोर्सकडं गेला.

आणि आपलं तळेगाव? जनरल मोटर्सने २०१७ च्या शेवटी देशात गाड्या विकणं थांबवलं, निर्यातीसाठी प्लांट चालू ठेवला आणि डिसेंबर २०२० मध्ये तोही थांबला. हजारावर कामगारांची लढाई आपण सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिली. जानेवारी २०२४ मध्ये प्लांट ह्युंदाईकडं गेला. म्हणजे जागेला नवा मालक मिळाला, मशीनला मिळाला. पण दारात शेवर्ले उभी असलेल्या माणसाला त्या वर्षी सेकंडवाल्याने काय भाव सांगितला ते त्यालाच विचारा.

कारखाना येतो तेव्हा फीत कापायला मंत्री असतात, कोनशिला असते, पेपरला पानभर फोटो. जातो तेव्हा गेटला कुलूप लावायला एक वॉचमन असतो. हे पक्षाचं बोलत नाही, सगळ्या पक्षांचं बोलतोय.

जुने लोक म्हणतील, "अरे, आमच्या काळातही कंपन्या बंद पडायच्या. गाड्या चालवल्याच की आम्ही." खरं आहे. माझ्या मामांचंच सांगतो. नव्वदच्या दशकात त्यांच्याकडं एक छोटा ट्रक होता, कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण मुद्दा तिचा नाही. मॉडेल बंद झालं. पार्ट मिळेना. मामा काय करायचे? मोडलेला पार्ट पिशवीत घालून एसटीने भोसरीला जायचे. तिथं एक टर्नर होता. तो पार्ट हातात फिरवून बघायचा, माप घ्यायचा आणि संध्याकाळपर्यंत लेथवर तसाच दुसरा काढून द्यायचा. कंपनी गेली, पण टर्नर होता. त्याच्या जिवावर ती गाडी पुढं सात-आठ वर्षं चालली. मामींनी गळ्यातलं एकदा गहाण ठेवलं, ते सोडवलंही त्याच गाडीने.

आज? आजच्या गाडीत बोनेटखाली कॉम्प्युटर आहे. सेन्सर खराब झाला की दिवा लागतो, गाडी पॉवर घेत नाही, चढाला ट्रक बैलगाडीसारखा चालतो. मिस्त्रीला पाना-पक्कड घेऊन काही करता येत नाही. आधी कंपनीचा लॅपटॉप लागतो, कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं, कंपनीचा पासवर्ड लागतो. नवा सेन्सर मिळाला तरी काही ठिकाणी तो कॉम्प्युटरला ओळखवून द्यावा लागतो, नाहीतर तो बसवूनही उपयोग नाही. भोसरीचा टर्नर लोखंड कापेल, प्रोग्रॅम कसा कापणार?

पूर्वी कंपनी गेली की फक्त पार्ट जायचा. आता कंपनी गेली की किल्लीच जाते. आणि इलेक्ट्रिक गाडीत तर सगळा खेळच बॅटरीचा आणि सॉफ्टवेअरचा. म्हणून त्या पोराच्या हसण्यावर मला हसू आलं नाही.

केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत इलेक्ट्रिक ट्रकला ९ लाख ६० हजारांपर्यंत मदत आहे. चांगली गोष्ट आहे, धुराने आपलीच पोरं खोकतात. योजनेत वॉरंटीची अटही आहे. बॅटरीला पाच वर्षं किंवा पाच लाख किलोमीटर, गाडीला आणि मोटारीला पाच वर्षं किंवा अडीच लाख किलोमीटर. कागदावर छान. पण वॉरंटी म्हणजे शेवटी कुणीतरी दिलेला शब्द. शब्द देणाराच दुकान बंद करून गेला तर तो शब्द वसूल कुणाकडून करायचा?

कायदा काय म्हणतो बघू. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. धंद्यासाठी घेतलेली वस्तू असेल तर तुम्ही ग्राहक नाही. मात्र स्वतःच्या रोजगारासाठी, पोट भरण्यासाठी घेतली असेल तर ग्राहक. म्हणजे एक गाडी घेऊन स्वतः चालवणारा माणूस दाद मागू शकतो. पण दोन-तीन गाड्या आणि पगारी ड्रायव्हर असला की समोरचा वकील पहिल्याच तारखेला उभा राहतो, "साहेब, हा व्यावसायिक आहे." आमच्या भागातला व्यावसायिक म्हणजे कोण? दीड एकर विकून दोन टिपर घेतलेला माणूस.

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने दोष असलेल्या गाड्या परत बोलावण्याची तरतूद आली. पण गाडीत दोष नाही, पार्टच मिळत नाही, याचं काय? ते त्यात बसत नाही. २०२२ मध्ये केंद्राने 'राइट टू रिपेअर' म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं. त्यात शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती यंत्रं आणि वाहनं धरली. कंपन्यांनी माहिती टाकावी असं अपेक्षित आहे. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. वेबसाइटवर फोन नंबर आहे म्हणून गॅरेजात पार्ट येत नाही.

मग करायचं काय? नुसतं रडायला पोस्ट लिहिलेली नाही. चार मागण्या मांडतो.

एक. कुठलंही नवं मॉडेल रस्त्यावर यायच्या आधी त्याला मंजुरी लागते. ती तपासणी करणारी एआरएआय ही संस्था आपल्या पुण्यातच, वेताळ टेकडीवर आहे. ब्रेक तपासतात, धूर तपासतात. त्याच टप्प्यावर कंपनीकडून लेखी घ्या की हे मॉडेल बंद केल्यापासून ठरावीक वर्षं पार्ट आणि सेवा देऊ. किती वर्षं ते सरकारने ठरवावं. माझं मत, दहाच्या खाली नको. ट्रकचं आयुष्य हप्त्यापेक्षा मोठं असतं.

दोन. मॉडेल बंद झालं की त्याचं तपासणीचं सॉफ्टवेअर सगळ्या गॅरेजवाल्यांना खुलं करा. तुम्हाला तो धंदा करायचा नाही ना? मग किल्ली खिशात घालून का जाता? किल्ली इथंच ठेवा. आमचे मिस्त्री बघून घेतील. या देशात मिस्त्रीची कमी कधीच नव्हती.

तीन. राज्य सरकार सामूहिक प्रोत्साहन योजनेतून मोठ्या उद्योगांना सवलती देतं. द्या, रोजगार येतो. पण वाहन कंपनी असेल तर सवलतीच्या बदल्यात एक अनामत ठेवा. कंपनी गेली आणि तिने पार्टची सोय केली नाही तर त्या पैशातून सोय करा. भाड्याने खोली देताना आपण डिपॉझिट घेतोच की. शेकडो एकर जागा देताना का नाही?

चार. कर्ज देणाऱ्यांसाठी. गाडी विकताना फायनान्सवाला डीलरच्या टेबलाला टेबल लावून बसलेला असतो. गाडीच्या भरवशावर व्याज तोही कमावतो. मग मॉडेल बंद झाल्याने किंमत पडली तर सगळा भार कर्जदारावरच का? अशा वेळी मुदत वाढवून देणं, दंडव्याज न लावणं, एवढं तरी नियमात बसवा.

यातली एकही मागणी कंपनीला धंदा चालू ठेवायला सांगत नाही. खुशाल बंद करा. फक्त जाताना दार लावून घेऊ नका, एवढंच.

आता थोडं आपल्याबद्दल. आपणही नावाला भुलतो. आपल्या भाषेतच बघा. मागं सोंड, पुढं बकेट दिसली की आपण म्हणतो जेसीबी, मशीन कुणाची का असेना. आणि साखळीवर फिरून माती काढणारं कुठलंही मशीन म्हणजे पोकलेन. ही पोकलेन मुळात फ्रान्सची कंपनी. तिचा मशीनचा धंदा पुढं केस या अमेरिकन कंपनीने घेतला आणि मशीनवरून ते नावच गेलं. आज साइटवर उभ्या असलेल्या एकाही नव्या मशीनवर ते लिहिलेलं नसतं. तरी आपल्या गावात तासावर भाड्याने मिळतं ते पोकलेनच. नाव आपल्या तोंडात राहिलं, कंपनी केव्हाच निघून गेली. नावाला आयुष्य असतं, पण नाव पार्ट देत नाही.

म्हणून गाडी घेताना रंग, केबिनचा एसी आणि मोफत मिळणारं सीट कव्हर याच्याआधी पाच प्रश्न विचारा. इंजिन किंवा बॅटरी नेमकी कुणाची, या कंपनीची की बाहेरची? कॅटच्या ट्रकची अर्धी गोष्ट याच प्रश्नात आहे. शंभर किलोमीटरच्या आत पार्टचा साठा कुठं आहे, शोरूम नव्हे, साठा? बाहेरचा मिस्त्री यावर काम करू शकतो का? याच कंपनीचं आधीचं बंद झालेलं मॉडेल आज कुणाकडं चालतंय, आणि त्याला पार्ट मिळतोय का? आणि शेवटचा, वॉरंटी कंपनीची की डीलरची? उत्तर तोंडी नको, कागदावर घ्या. सेल्समनची पोरं चांगली असतात, पण सहा महिन्यांनी ती दुसऱ्या शोरूमला असतात.

त्या चहावाल्या पोराला मी घेऊ नको असं सांगितलं नाही. इलेक्ट्रिक आज ना उद्या येणारच आहे, आणि कुणीतरी पहिल्यांदा घ्यावंच लागणार. मी म्हटलं, दोन्ही टिपर विकून घेऊ नको. एक ठेव. आणि हे पाच प्रश्न विचारून ये, मग बोलू. काल त्याचा फोन आला होता. पहिल्या तीन प्रश्नांपर्यंत सेल्समन गोड बोलत होता म्हणे. चौथ्याला म्हणाला, "सर, मॅनेजरला विचारून सांगतो." अजून मॅनेजरचा फोन आलेला नाही.

तुमच्यापैकी ज्यांच्याकडं बंद झालेल्या मॉडेलची गाडी आहे, ट्रक असो, टेम्पो असो, ट्रॅक्टर असो, त्यांनी खाली तीन गोष्टी लिहा. गाडी कुठल्या सालची, कुठला पार्ट मिळत नाही, आणि त्यापायी किती दिवस उभी राहिली. शिव्या नकोत, एवढंच लिहा. पुरेशी माहिती जमली की निवेदन तयार करून आमदारांना, परिवहन आयुक्तांना आणि टेकडीवरच्या साहेबांना नेऊन देऊ. सोबत कोण कोण येणार तेही लिहा.

पटलं तर पुढं पाठवा. नाही पटलं तर भांडा, पण मुद्द्यावर भांडा.